गोळी आणि चहा यांच्या मधला तास

मागच्या अंकात थायरॉइडच्या गोळीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पोस्टमनला आमचा नौपाड्यातला जिना नकोसा झाला, इतकी पत्रं आली. बहुतेकींचा प्रश्न गोळीचा नव्हताच. गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगला आहे, पण मन उभं राहत नाही, असं त्या लिहीत होत्या. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत, थोडी छाटून. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : डॉक्टरताई, मी ४२ वर्षांची. ऐरोलीला राहते, महापेला नोकरी. सहा वर्षांपूर्वी थायरॉइड निघालं, हाशिमोटो म्हणतात ते, आपलंच शरीर थायरॉइडच्या ग्रंथीवर उलटतं तो आजार. ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) २.८ आला. डॉक्टर म्हणाले, "एकदम नॉर्मल. सहा महिन्यांनी या." मी रिपोर्ट घेऊन खाली उतरले आणि रिक्षात बसून रडले. सकाळी अलार्म वाजतो तेव्हा अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटतं. यंदा दिवाळीत पहिल्यांदाच चकल्या विकत आणल्या आणि त्याचंही काही वाटलं नाही. भजनी मंडळात पेटी वाजवायचे, चार महिने गेलेले नाही. मुलगी आठवीत आहे, ती शाळेतलं काही सांगायला लागली की शब्द कानावर पडतात, आत जात नाहीत. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होतं हे थायरॉइड?" नवरा म्हणतो, "चालायला जात जा." जाऊबाईंच्या सांगण्यावरून दोन महिने गहू बंद केला. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ का, असं घरी विचारलं, तर दीर म्हणाले, "वहिनींना ठाण्याला न्यावं लागणार बहुतेक." सगळे हसले, मीही हसले. ताई, हे थायरॉइडमुळे आहे की मीच अशी झाले आहे? मनाच्या गोळ्यांची सवय लागते का? कधीकधी रात्री वाटतं, झोपलं की उठूच नये.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा घेते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, दाराशी चप्पल घालताना पेशंट खरं दुखणं सांगतात तसं. दवाखान्यात समोर असतात तर मी सरळ विचारलं असतं, की हे दमल्यामुळे म्हणताय की जीव नकोसा झालाय? कसं करायचं, कधी करायचं, असे विचार येतात का? असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" असेल तर हे पुढचं वाचायला थांबू नका. नवऱ्याला उठवा, हेच वाक्य शब्दही न बदलता वाचून दाखवा, आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. रात्र निघणार नाही असं वाटलं तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. उत्तर "नाही, फक्त दमले आहे" असेल, तरी ते वाक्य या आठवड्यात घरातल्या एका माणसाच्या कानावर घालाच.

आता तुमच्या दिरांचं बघू. मी ठाण्यातच राहते, त्यामुळे हा विनोद लग्न ठरल्यापासून ऐकत आले आहे. सांगलीहून इकडे येताना मैत्रिणींनी विचारलं होतं, "ठाण्याला? म्हणजे भरती व्हायला?" इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. सव्वाशे वर्षांत त्याने कितीजणांना परत उभं केलं हे कुणी सांगत नाही, शहराच्या नावाचा तेवढा वाक्प्रचार झाला. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात माणसं नंबर लावून बसतात, औषधं घेतात आणि रिक्षा पकडून घरी जातात. बँकेत पासबुक भरायला जावं, इतकं ते साधं असतं. आणि याच ठाण्यात १९९० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिथे तर मनाबद्दल बोलायला माणसं आपण होऊन येतात. दिरांना म्हणावं, ठाण्याला लोक मिसळ खायलासुद्धा नेतात, तुम्ही कधी नेताय?

सासूबाईंनाही उत्तर देऊन टाकू. त्यांच्या वेळी थायरॉइड होतं, त्याची तपासणी गल्लोगल्ली होत नव्हती, एवढंच. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने एका सुजलेल्या, मंदावलेल्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि ती हिंडूफिरू लागली, पुढे २८ वर्षं जगली. हाशिमोटो हे जपानी डॉक्टरचं नाव, त्यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळीही होतं. अशा बाईला लोक "सुस्त" म्हणायचे, "कामचुकार" म्हणायचे, आणि ती ऐकून घ्यायची.

"थायरॉइड की मी?" या तुमच्या प्रश्नासाठी मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

साल २००७. माझा दवाखाना घंटाळीजवळ. मी चाळिशीत. आमचा कंपाउंडर महिनाभर विचारत होता, "बाई, आवाज बसलाय का?" जानेवारीत ठाण्यात माणूस फार तर सकाळी मफलर गुंडाळतो. मी स्वेटर घालून, पंखा बंद करून बसायचे आणि समोर पेशंट घामाघूम. न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका. दुपारी पोळी खाल्ली की टेबलावरच डोकं टेकायचं. एखादी बाई अशी लक्षणं घेऊन आली असती तर मी दोन मिनिटांत रक्ताची चिठ्ठी लिहिली असती. स्वतःच्या बाबतीत आठ महिने घालवले, कारण मला वाटत होतं की मी आळशी होत चालले आहे. शेवटी एका लहान मुलाची नाडी मोजताना सहज स्वतःची मोजली, ५४ भरली. टीएसएच आला ४६. हा आकडा जितका चढलेला, तितकं थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडतंय असं समजायचं.

गोळी सुरू केली. इथे मी दुसरा मूर्खपणा केला, तो आजवर कुणाला सांगितला नाही. सकाळी सहाच्या चहाबरोबर गोळी घेत होते. पेशंटना बजावत होते, "रिकाम्या पोटी हं," आणि स्वतः कप हातात. तीन महिन्यांनी टीएसएच ११. मग शहाणी झाले. आणखी दोन महिन्यांनी तो २.१ वर आला. केस थांबले, आवाज सुटला, स्वेटर कपाटात गेला. मन मात्र होतं तिथेच. मुलाचा दहावीचा निकाल लागला, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच कुणाच्या घरचं कार्य आहे, आपण वाढायला आलोय, असं वाटत होतं.

माझा एक वर्गमित्र मानसोपचारतज्ज्ञ आहे. त्याच्याकडे फाइल घेऊन गेले, रिपोर्ट दाखवायला लागले. त्याने फाइल मिटली. म्हणाला, "थायरॉइडचं झालं. आता डिप्रेशनचं बोलू या."

आमच्या सासूबाई दुधाचा हिशेब कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायच्या आणि वाण्याचा वेगळ्या वहीत. दुधाचं बिल जास्त आलं म्हणून त्या वाण्याशी कधी भांडल्या नाहीत. तुमचेही हिशेब दोन आहेत. हॉर्मोन कमी पडलं की मेंदूचीही गती मंदावते, विसरायला होतं, उदास वाटतं, हे खरंच. पण सहा वर्षं रोज गोळी, ती जन्मभर, वजनावरून टोमणे, "नॉर्मल"चे रिपोर्ट आणि आपल्यावर कुणाचा विश्वास नाही ही भावना, याचंही एक ओझं साचतं. त्याला कुठली लॅब आकडा देत नाही. आणि नैराश्य हा इतका सर्रास आढळणारा आजार आहे की थायरॉइड नसतं तरी तो येऊ शकला असता. तेव्हा दोन्ही वह्या उघडा, पण एकीतली बाकी दुसरीत ओढू नका.

पहिली वही थायरॉइडची. २.८ हा आकडा बरा आहे. मन बसलंय म्हणून डोस वाढवून मागू नका. मला ठाऊक आहे, तुमच्या मनात ते आलं असणार, माझ्याही आलं होतं. गरजेपेक्षा जास्त गोळीने धडधड होते, झोप उडते, हाडं विरळ होतात, आणि उदास बाई उदास आणि घाबरीघुबरी अशी दोन्ही होते. त्यापेक्षा गोळी कशी घेताय ते बघा. साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. सोयाबीनच्या वड्या सकाळी नकोत, दुपारी चालतील. केसांसाठी बायोटिन घेत असाल (ऑफिसातल्या निम्म्या मुली घेतात) तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवतात. तपासणीच्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर. डोस किंवा कंपनी बदलली तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नाही. ही गोळी रक्तात फार सावकाश चढते आणि सावकाश उतरते.

गव्हाचं म्हणाल, तर पोळी खा. गव्हाची खरी अडचण असणारा सिलिअॅक नावाचा आजार वेगळा आहे आणि तो हाशिमोटो असलेल्यांत थोडा जास्त दिसतो हे खरं. पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. दोन महिने बंद करून मग तपासलं तर रिपोर्ट फसवू शकतो. जाऊबाईंना हे माहीत नसणार. बाकी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदा बघून घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. पाळी मागेपुढे व्हायला लागली आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. बेचाळिशीत तीही मनाला हलवते.

दुसरी वही मनाची. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, उदास वाटणं किंवा आवडीच्या गोष्टीत रस नसणं, आणि जोडीला झोप, भूक, लक्ष, ताकद यांची पडझड असेल, तर आम्ही त्याला नैराश्य म्हणून तपासतो. तुमची पेटी चार महिने बंद आहे. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. घरच्यांना विचारून झालं, आता सांगून जा. पहिल्या भेटीत काही अघटित घडत नाही. बोलतात, विचारतात, लिहून घेतात. थायरॉइडची फाइल मात्र न्या.

गोळ्यांच्या सवयीचं. झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी सवय या औषधांची लागत नाही, दिवसेंदिवस जास्त डोस मागावा असं होत नाही. पण त्या मनाला येईल तेव्हा बंद करायच्या नसतात, हळूहळू उतरवाव्या लागतात, आणि तेवढ्यावरून लोक "सवय लागली" म्हणतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ होते, डोकं जड होतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण यायला आणखी. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. मी अकरा महिने घेतल्या. सर्ट्रालीन नावाचं जे औषध पुष्कळदा देतात, त्याने काहीजणींची थायरॉइडच्या गोळीची गरज वाढते, म्हणून ते सुरू केल्यावर एकदा टीएसएच पुन्हा बघायचा. औषध नको असेल आणि त्रास फार तीव्र नसेल तर नुसत्या समुपदेशनानेही पुष्कळजणींना बरं वाटतं. ते डॉक्टरांनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं.

आणि आता तो तास. गोळी घेतली आणि चहा अजून एक तास लांब आहे, या वेळेसारखी वैतागवाणी वेळ दुसरी नाही. मी त्या वेळात पलंगावर बसून घड्याळाकडे आणि आयुष्याकडे बघत बसायचे. वर्गमित्राने तोच तास मागून घेतला. म्हणाला, मन लागण्याची वाट बघू नकोस, गोळी गिळलीस की चपला घाल. मी कचराळी तलावाकडे जायला लागले. पहिला आठवडा एकच फेरी, तीही रडत. नंतर तिथले एक आजोबा मला "उशीर झाला आज" म्हणायला लागले. पाऊस असला की गॅलरीत उभी राहायचे, पण अंथरुणात नाही. आज १८ वर्षं झाली, तो तास माझा आहे. त्यात फोन नाही, पेशंट नाही, पोळ्या नाहीत.

"चालायला जात जा" हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही, "जात जा" हे चूक आहे. त्यांना म्हणावं, चला. तुम्हाला सकाळची गाडी पकडायची असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घेता येते, जेवणानंतर किमान तीन तासांनी. मग तो तास सकाळचा उरत नाही, पण पंधरा मिनिटं उन्हात उतरा, सोसायटीच्या गेटपर्यंत का होईना.

पेटी वाजवू नका एवढ्यात. फक्त झाकण काढून बाहेर ठेवा, आणि मुलीला भाता ओढायला सांगा.

दोन महिन्यांनी मला लिहा, चांगलं असो की वाईट.

प्रश्न : काकू, मी २३ वर्षांची, कळव्याला राहते, सीएची तयारी करते. १९ व्या वर्षापासून पीसीओडी (पॉलिसिस्टिक ओव्हरी, म्हणजे बीजकोषांचा विकार) आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात, दर आठवड्याला पार्लरमध्ये जाते आणि लोकलमध्ये स्कार्फ गुंडाळून बसते. गोळ्या चालू केल्या (पाळी नियमित करायच्या) तेव्हापासून जास्तच रडू येतं. आई म्हणते, लग्न झालं की सगळं बरं होईल, आणि लगेच म्हणते, पण कुणाला सांगू नकोस, लग्न जमणार नाही. मला मूल होईल का? मी अभ्यासाला बसते आणि तासभर आरशात बघते.

उत्तर : तुझ्या आईची दोन वाक्यं एकमेकांशेजारी लिहिलीस, तिथेच तू अर्धं उत्तर दिलंस. लग्न हे पीसीओडीचं औषध नाही, आणि पीसीओडी हा लग्नाचा शत्रूही नाही.

आधी नावाचा घोळ. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन अमेरिकी डॉक्टरांनी बीजकोषात गाठी पाहिल्या आणि तेव्हापासून "सिस्ट" हा शब्द चिकटला. त्या खरं तर गाठी नाहीत. अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या आहेत. दर महिन्याला एक पिकून फुटायची, ती फुटत नाही, म्हणून पाळी रखडते. कापून काढायचं असं आत काही नाही. मूल होण्यात अडचण येऊ शकते, पण ती पुष्कळदा साध्या गोळ्यांनी सुटते, आणि पीसीओडी असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात. हा प्रश्न आज तुझ्या टेबलावर नाही, सीएची पुस्तकं आहेत.

मन आणि पीसीओडी यांचा संबंध तुझ्या कल्पनेतला नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात पीसीओडीचं निदान झालेल्या प्रत्येकीला नैराश्य आणि चिंतेबद्दल विचारावं, असं स्पष्ट म्हटलंय. तुला चार वर्षांत कुणी विचारलं का? मला वाटतं, नाही. पुढच्या वेळी तू स्वतः सांग. आणि पाळीच्या गोळ्या सुरू झाल्यावर रडू वाढलं, ही गोष्ट तारखेनिशी लिहून ने. काहीजणींना त्या मनाला मानवत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या आहेत, दुसरे मार्गही आहेत. फक्त न सांगता बंद करू नकोस, आणि "मीच रडकी" म्हणून चालूही ठेवू नकोस.

हनुवटीचे केस. मी यावर "सौंदर्य मनात असतं" वगैरे बोलणार नाही. ते बोलणाऱ्यांच्या हनुवटीला केस नसतात. तू मेमध्ये लोकलमध्ये स्कार्फ गुंडाळून बसतेस, तो त्रास खरा आहे आणि त्यावर इलाज करून घेणं म्हणजे नखरा नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पोटातल्या औषधांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने लागतात, कारण केसाची वाढच तशी सावकाश चालते. लेझरलाही बऱ्याच बैठका लागतात. तिसऱ्या आठवड्यात आरशाशी भांडू नकोस.

आरसा खोलीतून बाहेर काढ. शब्दशः. अभ्यासाच्या खोलीत तो कशाला हवा?

आईसाठी: तिला पुढच्या तपासणीला सोबत ने, आणि लग्नाबद्दलची तिची ती दोन वाक्यं प्रश्न म्हणून तिच्याच तोंडून डॉक्टरांना विचारायला लाव. मुलींनी सांगितलेलं आया ऐकत नाहीत, डॉक्टरीणबाईंचं ऐकतात. मी आई आहे, मला ठाऊक आहे.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, निवृत्त, खारघर. पत्नी ६३ वर्षांची, थायरॉइड १२ वर्षं. गेले सहा महिने ती खिडकीपाशी बसून असते. बोलत नाही, टीव्हीही लावत नाही. मी सहलीचं विचारलं, नवी साडी आणली, स्वयंपाक शिकलो. काहीच उपयोग नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये, तुम्ही फार जास्त करताय. साडी आणणाऱ्याला हसून दाखवावं लागतं, आणि त्यांच्याकडे आत्ता हसू शिल्लक नाही.

आधी तपासणी. या वयात बारा वर्षांपूर्वीचा डोस कमी किंवा जास्त झालेला असू शकतो, आणि दोन्हींत माणूस असा बसून राहू शकतो. औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आम्लपित्ताची गोळी, कॅल्शियम, लोह यांपैकी काही थायरॉइडच्या गोळीच्या वाटेत येत असेल. गोळी खरोखर पोटात जाते का, हेही बघा. उदास माणूस गोळ्या चुकवतो आणि सांगत नाही. आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणा आणि सकाळी पाण्याचा पेला तुम्हीच द्या. बी-१२ बघा. कान तपासून घ्या, ऐकू कमी येणारी माणसंही गप्प होतात. विसरायला होतं का, तेही सांगा. हे सगळं नीट निघालं तरी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्याच. "या वयात असंच असतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, साठी उलटल्यावरही नैराश्य बरं होतं.

आणि घरी: खिडकीपाशी दुसरी खुर्ची ठेवा. बसा. काही विचारू नका, शेंगा सोला. चार दिवसांनी म्हणा, "मी सेंट्रल पार्कला चाललोय, चपला काढून ठेवल्यात तुझ्या." नाही म्हणाल्या तर एकटे जाऊन या आणि तिथे काय दिसलं ते एका वाक्यात सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुम्हालाही कुणाशी तरी बोलायला हवं आहे, तुमच्या पत्रातल्या अक्षरावरून कळतं. मुलाला फोन करा, "सगळं ठीक" न म्हणता.

प्रश्न : वाशीहून लिहिते. नवरात्रात नऊ दिवस संध्याकाळपर्यंत तोंडात पाणीही घालत नाही, म्हणून थायरॉइडची गोळीही घेत नाही. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास फार मरगळ येते, रडू येतं. उपासाने की कुणाची दृष्ट लागल्याने?

उत्तर : गोळी न घेतल्याने. या औषधाचा रक्तातला साठा साधारण सात दिवसांत निम्मा होतो. एक दिवस चुकला तर अंगाला पत्ताही लागत नाही, पण नऊ दिवसांनी निम्म्याहून कमी उरतो, आणि दसऱ्याला तुम्ही तोरण बांधायला उठता तेव्हा तेच जाणवतं. यंदा डॉक्टरांना आधी विचारून गोळी रात्री हलवा. संध्याकाळच्या फराळानंतर तीन तासांनी, झोपताना, पाण्याबरोबर. त्या वेळी तुमचा उपास सुटलेलाच असतो. राजगिऱ्याचा लाडू आणि दूध मात्र फराळातच संपवा, त्या तीन तासांत काही नको.